जाळ्यात गुंडाळलेला वाल

“काका, मुलीला काम शिकवलं तर गॅरेज बंद पडतं का?”

प्रश्न किशोरीचा नव्हताच मुळी. तो दिपा आणि संजनानं मिळून शिजवला होता, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून घरी येताना, आणि पैज लागली होती काला खट्टा गोळ्याची. गाढी नदीच्या पुलाअलीकडे दीनानाथ मिस्त्रींचं ट्रकचं गॅरेज. तिथे ड्रायव्हर-क्लीनर कायम खाटा टाकून पसरलेले. त्यांच्यामधून सरळ आत जायचं, मिस्त्रींपुढे उभं राहायचं आणि अजिबात न हसता विचारायचं. संजना म्हणाली, हिची जीभ वर्गातच चालते, गॅरेजात टाळ्याला चिकटेल. झालं. कोळीवाड्यातल्या पोरीला असं कुणी म्हणायचं नसतं.

दीनानाथकाकांनी ट्रकखालून नुसतं डोकं बाहेर काढलं. कपाळावर ऑइलचा पट्टा, ओठात न पेटवलेली विडी. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग फाटकाआडून डोकावणाऱ्या त्या दोघींकडे पाहिलं.

“शिकवल्याशिवाय कसं कळणार?” ते म्हणाले. “तो बावीसचा पाना दे इकडे.”

तिनं सतराचा दिला. तो परत आला. मग बावीसचा दिला. खाटेवरचे सगळे खदखदले, पण गोळा तिचा झाला आणि जीभ पुरती जांभळी करून ती घरी गेली. खरी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी पैज नव्हती, मैत्रिणी नव्हत्या, तरी ती पुन्हा गेली. काकांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, आज बावीसचा ओळखता येतो का बघू.

त्या मे महिन्यात किशोरीला काय काय यायला लागलं! डिझेलचा फिल्टर धुणं, पाइपातली हवा काढणं, नट आधी हातानं लावून मग पान्यानं आवळणं. इंजिन धडधडत असलं की लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावायचं, मग आतलं सगळं ऐकू येतं, हे तर तिनं शाळा सुरू झाल्यावर दिपाला डेस्कवर करून दाखवलं आणि बाईंचा ओरडा खाल्ला. वर्गात हात वर करायला जी मुलगी पूर्वी दोनदा विचार करायची, ती आता उभी राहून बोलायची. शाळा सुटल्यावर तासभर गॅरेज ठरलेलंच. चहाच्या टपरीवरची पोरं तिला ‘किशोरी मिस्त्री’ म्हणून चिडवत, तर ती चिडायची सोडून ओ द्यायची. तिची आई दमयंती मासळी बाजारात बसायची. ती तिथल्या बायकांना सांगे, हळद लावायच्या वयाची होत आली आणि मेली ग्रीस लावते. पण सांगताना हसायची.

काकांचा एकच नियम मात्र कडक होता. एकदा एक ड्रायव्हर आला, मालकाच्या गाडीत काहीतरी खोट करून द्या म्हणाला, दोन दिवस सुट्टी मिळेल. काकांनी त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवून फाटकापर्यंत सोडलं आणि परत पाऊल टाकू नकोस असं सांगितलं. मग किशोरीकडे वळून म्हणाले, “बंद गाडी चालू करायला हात लावायचा. चालू गाडी बंद करायला नाही. हे लक्षात राहिलं नाही तर बाकीचं शिकून उपयोग नाही.”

आता किशोरीच्या घरचा ट्रक. त्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तिचे बाबा, गणू कोळी, मूळचे दर्यावर जाणारे. आजोबांची होडी होती आणि तिचं नाव होतं ‘शांती’, आजीचं नाव. मग न्हावा शेव्याचं बंदर झालं, खाडीत भराव पडले, जाळ्यात मासळीपेक्षा चिखल जास्त यायला लागला आणि होडी विकावी लागली. आजोबा म्हणायचे, होडी विकावी, नाव विकू नये. म्हणून होडी उरणच्या माणसाच्या ताब्यात द्यायच्या आधी बाबांनी तिच्या नाळेवरची, पुढच्या टोकावरची, नावाची फळी उचकटून काढली आणि मूल आणावं तशी दोन्ही हातांवर घरी आणली. पुढे त्यांनी आखूड नाकाचा एक जुना ट्रक घेतला, तेव्हा ती फळी त्याच्या कपाळावर चढली. निळ्या ऑइलपेंटमध्ये, थोडं तिरकं : शांती. बंदर रोडच्या कडेला, जिथे पूर्वी होडी लागायची त्याच्या जवळच, ही जमिनीवरची शांती उभी राहायची. तिचं इंजिन निम्मं केबिनमध्ये होतं आणि किशोरी ड्रायव्हरशेजारच्या त्या इंजिनाच्या झाकणावर बसून मोठी झाली. ते झाकण हिवाळ्यात मस्त उबदार लागायचं. त्यावर घोंगडी टाकली की जासईपर्यंत झोप.

पण गेल्या वर्षापासून शांतीचा दम उखडला होता. सकाळी डिझेलचा हातपंप मारून मारून खांदा दुखला की मग कुठे इंजिन खोकत चालू व्हायचं. सपाटीवर बरी चालायची, पण चढ आला की गुदमरायची, आणि भरलेली असली तर मधेच बंद. बंदराची भाडी नव्या ट्रेलरवाल्यांकडे गेलीच होती. आता विचुंब्याच्या नव्या बिल्डिंगांना रेती-विटा पोचवायच्या, त्याही क्वचित. त्यात बाबांच्या कमरेला उसण भरली. ते पट्टा बांधून हिंडायचे, वाकताना भिंत धरायचे. घरात किशोरीला सांगितलं होतं की होईल बरी. आई रोज जेवताना एकच म्हणायची, ही मेली रोज बंद पडते, विकून टाका. आणि बाबा म्हणायचे, गिऱ्हाईक आला तर देऊ की.

गिऱ्हाइकं यायची. मामाच धाडायचा. बाबा त्यांना घेऊन कर्नाळ्याच्या खिंडीकडे जायचे आणि तासाभरानं गिऱ्हाईक तोंड पाडून, बाबा मात्र शीळ घालत परत यायचे. “नाय घेत कोणी,” ते आईला सांगायचे. “म्हातारी झाली ना.” मग संध्याकाळी ते ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसायचे. ट्रान्झिस्टर लावायचा, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवायचे आणि समोर खाडीकडे बघत राहायचे. किशोरीनं चहाचा कप नेला की म्हणायचे, ये बाय, बस, कुठे जायचा सांग.

ती म्हणायची, गोवा.

ते म्हणायचे, पोचलो.

किशोरीच्या मनानं एक घेतलं होतं. आई म्हणते गाडी आजारी आहे म्हणून विका. मग गाडी बरी झाली तर? सरळ गणित होतं. उत्तर काढून फळ्यावर लिहावं इतकं सरळ.

आणि उत्तर सापडलं. नवरात्र संपता संपता गॅरेजात एक ट्रक आला, त्याचा खोकला हुबेहूब शांतीसारखा. काकांनी डिझेल पंपाच्या टोकाशी असलेला एक बोटभर वाल, म्हणजे झडप, काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. आत बारीकशी स्प्रिंग आणि एक गोळी. काका म्हणाले, पंपात डिझेल नुसतं येऊन भागत नाही, दाबानं भरलेलं राहावं लागतं. हा वाल तो दाब धरून ठेवतो, जास्त झाला तेवढंच डिझेल परत टाकीत सोडतो. स्प्रिंग मेली की सगळंच डिझेल टाकीत पळतं आणि इंजिन उपाशी राहतं. बहुतेक ड्रायव्हर करतात काय, स्प्रिंग काढून बोटांनी ताणतात आणि परत घालतात. चार दिवस चालते. मग पुन्हा ताणतात. ताणलेली स्प्रिंग शेवटी तारेचा तुकडा होऊन बसते.

किशोरीला बाबा आठवले, पंपाशी वाकून काहीतरी ताणणारे. दर पावसाळ्यात एकदा तरी.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं शांतीची केबिन झाडायला घेतली. ड्रायव्हरच्या सीटखालच्या पेटीत जॅक, दोरखंड, जुनी टायरची पट्टी आणि सगळ्यात तळाशी नायलॉनच्या जाळ्याचा एक तुकडा, काहीतरी गुंडाळून गाठ मारलेला. गाठ बाबांचीच. मासे धरायच्या हाताची गाठ लगेच ओळखू येते, ती सोडवायला नखंच लागतात. आत वाल. नवाकोरा, ग्रीस लावलेला, सोबत तांब्याच्या दोन वायसरी. किशोरी मटकन सीटवर बसली आणि एकटीच हसली. म्हणजे बाबांनी वाल आणून ठेवला होता! कमरेमुळे वाकता येत नसणार, दुसऱ्याला सांगायचं म्हणजे मजुरी, म्हणून राहिला असणार तसाच. आणि त्यांच्या घरात एक मिस्त्री आहे, हे ते विसरले असणार.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, जासईचे बाळूशेठ येणार होते. आधी एकदा येऊन गाडी नाकारून गेलेले. पण त्यांना पाण्याच्या टँकरसाठी जुना ट्रक हवाच होता, हौदा कापून त्यावर टाकी बसवायची होती, म्हणून मामानं गळ घालून पुन्हा बोलावलं होतं. या खेपेला शेवटचं बघतो, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

शनिवारी दुपारी आई बाजारात होती आणि बाबा ओटीवर झोपले होते. किशोरीनं दप्तरातून पाना काढला. बोनेट उघडून आधी पंप कापडानं पुसला, कारण काका म्हणायचे, घाण आत गेली तर नवा वालही मेला. जुना वाल हलेना. तिनं पाय बंपरवर रोवला, ओठ चावला, आणि कुरकुरत तो फिरला. डिझेल कोपरापर्यंत ओघळलं. जुन्याची स्प्रिंग बाहेर आली तर खरंच तार, जीव म्हणून नाही तिच्यात. नवीन वायसरी, नवीन वाल, आधी हातानं, मग पान्यानं, जास्त नाही, वायसर चिरते. मग पाइपातली हवा काढायला नट सैल ठेवून हातपंप मारत राहिली, बुडबुडे येऊन येऊन संपले आणि नितळ डिझेल आलं तेव्हा नट आवळला. इंजिन चालू करून बघायला जीव तडफडत होता. पण आवाजानं बाबा उठले असते, आणि मग गंमत कसली? जुना वाल तिनं कंपासपेटीत टाकला, कर्कटकाच्या शेजारी.

रविवारी सकाळी बाबा फार खुशीत होते. इस्त्रीचा शर्ट घातला, स्वतः चहा केला, बाळूशेठना आग्रहानं दोन बटर खायला लावले. गाडी म्हातारी हाय, आधीच सांगतो, असं हसत हसत दोनदा सांगितलं. किशोरीला वाटलं, थांबा जरा, म्हातारी कोण ते आता कळेल. ती इंजिनाच्या झाकणावर आपल्या जागी बसली, बाळूशेठ खिडकीशी. बाबा पट्टा सांभाळत चढले, किल्ली लावली आणि हातपंप मारायला खाली उतरायचं म्हणून एक पाय बाहेरच ठेवून, सवयीनं, नुसता स्टार्टर दाबला.

अर्ध्या दाबाला शांती चालू झाली.

खोकली नाही, थरथरली नाही. एकसारखी, भरल्या गळ्यानं गुणगुणायला लागली. किशोरीनं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, कारण तेच तर बघायचं होतं. आता डोळे मोठे होतील, आता मांडीवर थाप मारतील. बाबांचा हात किल्लीवर तसाच राहिला. बाहेर ठेवलेला पाय त्यांनी हळूच आत घेतला. दार लावलं. गिअर टाकला. तिला वाटलं, इतका आनंद झालाय की मांडीवर थाप मारायचंही विसरले.

खिंडीच्या चढाला पूर्वी जिथे गुदमरायची, त्या वळणावर शांतीनं साधा गिअरसुद्धा बदलायला लावला नाही. झाकणाखालून ती धडधड किशोरीच्या अंगात चढत होती आणि तिला ओरडावंसं वाटत होतं. बाबा सरळ पुढे बघत चालवत होते. एकदा त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलला, जणू गाडीला दम लागायची वाट बघतात. दम लागला नाही. माथ्यावर गाडी थांबवली तेव्हा बाळूशेठ मान हलवत म्हणाले, ही तीच गाडी का रे गणूदा? काय केलंस काय हिला?

बाबा कमरेचा पट्टा चाचपत राहिले. तेव्हा किशोरीलाच राहवलं नाही.

“मी वाल बदलला,” ती म्हणाली. “डिझेल पंपाचा. सीटखाली नवीन होता, तो बसवला. काल दुपारी. एकटीनं.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात आला आणि तिच्या डोक्यावर टेकला, जड, डिझेलच्या वासाचा.

“बरा बसवलास, बाय,” ते म्हणाले. “एक थेंब गळला नाय.”

बाळूशेठना पोरीचं फारच कौतुक वाटलं. वाटेत पळस्प्याच्या नाक्यावर त्यांनी मुद्दाम गाडी थांबवायला लावली, नारळ घेतला आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, बाबांच्या हातात दिला. सौद्याचा नारळ. घेतला की शब्द गेला. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. उद्या सकाळी गाडी जासईला पोचती करा, बाळूशेठ म्हणाले, अशी चालती गाडी मी सोडतो होय?

किशोरी मधे झाकणावर बसली होती. झाकण गरम होतं. अशी चालती गाडी. तिनंच चालती केलेली. पण मग बाबांनी ‘नाही’ का म्हटलं नाही? आता तर ती बरी झाली होती ना?

घरी उतरल्या उतरल्या ती पळाली ती थेट गॅरेजात. काका एकटेच होते, रविवार म्हणून हत्यारं रॉकेलमध्ये धूत बसले होते. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, धापा टाकत, आणि शेवटी जवळजवळ भांडल्यासारखं विचारलं की गाडी इतकी चांगली झाल्यावर कुणी विकतं का. काकांचे हात थांबले.

“तो वाल कुठे मिळाला तुला?”

सीटखाली, ती म्हणाली. जाळ्यात गुंडाळलेला.

काकांनी विडी पेटवली. ती त्यांना विडी पेटवताना पहिल्यांदाच बघत होती. वाल मीच दिला होता, ते म्हणाले, गणपतीच्या आधी. आत्ताच बसवून देतो म्हटलं, पाच मिनिटांचं काम. गणू नको म्हणाला. राहू दे, मिस्त्री, म्हणाला, खोकते तोवर माझी आहे. बरी झाली की गिऱ्हाईक नेईल.

मग त्यांनी दुसरंही सांगितलं, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. उसणबिसण काही नाही. मणक्याचं दुखणं आहे. डॉक्टरनं सांगितलंय की पुन्हा भरलेली गाडी चालवलीस तर एक दिवस पाय उचलणार नाहीत. आईला माहीत आहे. म्हणून ती विका विका म्हणते. गाडी आजारी म्हणून नाही. आणि गणू तिला नाही म्हणू शकत नाही आणि गाडीही देऊ शकत नाही, म्हणून त्यानं हा मधला रस्ता काढला होता. मेलेल्या स्प्रिंगचा.

“नवा वाल आणून ठेवला कशाला मग?” किशोरीनं विचारलं.

काकांनी खांदे उडवले. आजारी माणसाचं औषध घरात असावं असं वाटलं असेल, ते म्हणाले. द्यायचं नसलं तरी.

घरी जाताना ती पुलावर बराच वेळ थांबली. ओहोटी होती. गाळात दोन बगळे पाय बुडवून उभे होते. तिला सारखा तो एक क्षण दिसत होता, बाबा एक पाय बाहेर ठेवून स्टार्टर दाबतात आणि मग तो पाय हळूच आत घेतात. तिनं त्याला आनंद म्हटलं होतं. गोव्याला पोचलो म्हणणारे बाबा. शीळ घालत परत येणारे बाबा. एवढं सगळं तिच्यासमोर होतं, आणि इंजिनातला बारीक आवाज स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकणाऱ्या पोरीला ते ऐकू आलं नव्हतं.

दिवे लागायच्या वेळी घरात तिघंही होते. नारळ देव्हाऱ्यापुढे होता. आईनं बोंबलाची चटणी आणि भाकरी वाढली, पण कुणाचा हात ताटात जाईना. किशोरीनं कंपासपेटी उघडली आणि जुना वाल तिघांच्या मधे जमिनीवर ठेवला. मग आईला सगळं सांगितलं, बाबांसमोरच. नवा वाल गणपतीपासून सीटखाली होता हे, आणि का होता तेही. सांगताना रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. ते जमलं नाही.

तिला वाटलं, आता आई भडकेल. इतके महिने गिऱ्हाइकं परत पाठवली, भावाला तोंडघशी पाडलं, दुखण्याशी खेळ केला. आई बाजारात बोलायला लागली की पलीकडच्या गल्लीतली गिऱ्हाइकं थांबतात. पण आईनं तो वाल उचलला, दिव्याकडे धरून बघितला, पदरानं पुसला. बाबा खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडत होते, नुसता मोडत होते.

“होडी गेली तेव्हा पन असाच बसला होता हा मानूस,” आई म्हणाली. ते ती कुणाला सांगत होती कुणास ठाऊक. “आठ दिस जेवला नाय.” मग तिनं वाल किशोरीपुढे धरला. “जा. लाव परत. उद्या चालू झाली नाय तर तो बालू काय नेनार हाय? आपन नारल परत देऊ. मी बघते त्याला काय सांगायचा ते.”

बाबांनी मान वर केली.

ती नजर किशोरी जन्मात विसरणार नव्हती. बाबांनी काही मागितलं नाही. मागणारही नव्हते. पण ते आईकडे पाहत नव्हते, वालाकडेही नाही. ते तिच्या हातांकडे पाहत होते. काळे डाग अजून नखांत होते त्या हातांकडे. पाच मिनिटांचं काम. बाहेर अजून उजेड होता, पाना दप्तरात होता. बोनेट उघडायचं, नवा काढायचा, जुना लावायचा, आणि उद्या संध्याकाळी पुन्हा ट्रान्झिस्टर, पुन्हा खाडी, पुन्हा गोवा. तिला तेच हवं होतं. जगात दुसरं काहीच नको होतं.

तिनं वाल घेतला. तो तिच्या मुठीत लगेच गरम झाला. तिला भरलेली गाडी दिसली आणि चढ दिसला, आणि ब्रेकवर जायला न उचलला जाणारा पाय. आज नाही तर उद्या बाबा भाडं घेणारच होते. दुसऱ्याला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंय? तिला काका दिसले, त्या ड्रायव्हरच्या पाठीवर हात ठेवून त्याला फाटकापर्यंत सोडणारे.

तिनं वाल परत कंपासपेटीत ठेवला. झाकण लावलं. मग ती उठून उभी राहिली. वर्गात उत्तर द्यायला राहते तशी उभी राहिली, कारण बसून ते बोलता आलं नसतं.

“मी जुना वाल लावणार नाही,” ती म्हणाली. बाबांचे डोळे खाली गेले, ते तिनं पाहिलं, तरी ती थांबली नाही. “मी बरी केलेली गाडी मी बिघडवणार नाही, बाबा. तुम्ही कितीही बघा माझ्याकडे. उद्या सकाळी शांती जासईला जाणार, आणि मी तिच्या झाकणावर बसून जाणार, आई खिडकीशी बसणार. शाळेला दांडी मारणार मी, आत्ताच सांगते. आणि निघायच्या आधी नावाची फळी मी उतरवणार. तुम्ही खाली उभं राहून नुसती धरायची. वर चढायचं नाही.”